बेचाळीस पानगे

हिंगणीच्या आनंदाबाईंना कोणी ‘गरीब गाय’ म्हटलं, की त्यांचे यजमान नत्थूजी मिशीतल्या मिशीत हसायचे. संसार त्यांनी केला होता. त्यांना ठाऊक होतं. बाई कोणाशी तोंड वाजवत नसत, हे खरं. पण एखादी गोष्ट मनाला लागली, की ती बरणीतल्या लोणच्यासारखी वर्षभर मुरत राहायची. एकोणऐंशी सालच्या सव्वीस जानेवारीची न्याहारी त्यांना अशीच लागली होती, आणि लागायलाच हवी होती. ती हकीकत ऐकून ज्याला राग येणार नाही, त्याने पुढे वाचूच नये.

बाई माहेरच्या तळेगाव श्यामजी पंतच्या, सातवी पास. लग्न होऊन हिंगणीला आल्या आणि गावात बालवाडी निघाली तेव्हा शिकलेली बाई म्हणून तिथे बसल्या. बालवाडी म्हणजे समाजमंदिराची पडवी, एक फळा आणि बेचाळीस पोरं. पहिल्याच आठवड्यात शेतकऱ्यांची पोरं एकीकडे आणि गोंडपुऱ्यातली, बौद्धपुऱ्यातली दुसरीकडे बसायला लागली. कोणी शिकवलं नव्हतं, तरी बसायला लागली. बाईंनी पडवीभर खडूची एक लांब रेघ ओढली.

“ज्याले बसाचं हाय तो या रेघेवर बसन,” त्या म्हणाल्या. “दुसरी रेघ मले काढता येत नाई.”

चार आया तणतणत तक्रार घेऊन आल्या. बाईंनी त्यांना चहा पाजला आणि रेघ पुसली नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर तालुक्याहून मुलांच्या खाऊच्या तीन गोण्या आल्या. गोणीवर परदेशी अक्षरं, आत पांढुरके, चपटे, जाड पोह्यांसारखे दाणे. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं, ‘ओट. पाण्यात शिजवून मुलांना द्यावे.’ बाईंनी शिजवले. पातेल्यात खळ तयार झाली. पोरांनी बोटं घालून पाहिली, एकमेकांच्या गालाला चिकटवली आणि पळाली. दोन दिवसांत गावाने निकाल दिला, की ही घोड्याची चंदी आहे. आजूबाजूच्या गावांत ती बैलांपुढे गेलीसुद्धा. आता सांगा, सकाळी कोऱ्या चहाच्या घोटावर घराबाहेर पडलेली पोरं, त्यांच्या नावाने सात समुद्रांपलीकडून धान्य यावं आणि ते बैलांनी खावं! बाईंच्या घशाखाली हे उतरेना.

त्यांना आईचे पानगे आठवले. पळसाच्या दोन पानांमध्ये कणकेची जाड पोळी थापायची आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजायची. ना तवा, ना भट्टी. मग ओटाचे पानगे का नाही? पहिला घाणा भाजता भाजता भुगा झाला. दुसरा वरून करपला, आत कच्चा राहिला. नत्थूजींनी तो मुकाट्याने खाल्ला आणि म्हणाले, “चांगला हाय. पण कोणाले देऊ नको.”

चिकटायला काहीतरी हवं होतं. त्या दिवसांत बोर धरणाच्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या होत्या. दलाल घड घेऊन गेला, की डागाळलेल्या, फार पिकलेल्या फण्या बांधावर पडून राहायच्या. बाईंनी त्या टोपलीभर आणल्या. ओट कोरडे भाजून निम्मे जाडसर कुटले, त्यात केळं कुस्करलं, गूळ चिरून घातला, आंबटपणाला बोरकूट, म्हणजे वाळल्या बोरांची पूड, आणि चिमूटभर मीठ. गोळा मळून पळसाच्या पानावर थापला, वर दुसरं पान ठेवलं आणि निखाऱ्यांत सारला. थोड्या वेळाने पानाच्या कडा काळ्या पडल्या आणि पिकल्या केळ्याचा नि गुळाचा असा वास सुटला, की रस्त्याने जाणारे वळून पाहायला लागले. दुसऱ्या दिवशी पडवीत बेचाळीस पोरांनी पानगे खाल्ले आणि बेचाळीस हात पुन्हा पुढे आले. गोंडपुऱ्यातली चार वर्षांची कोकिळा तर पळसाचं पानही चाटत बसली. ओट कसे खायचे हे कागद पाठवणाऱ्याला कळलं नव्हतं. सातवी पास बाईला कळलं.

इथवर सगळं गोड होतं. मग ते सरपंचांच्या कानावर गेलं.

सरपंच वासुदेवराव माणूस वाईट नव्हता. अडीअडचणीला धावून यायचा. पण जीपची धूळ दिसली, की त्याच्या पाठीचा कणा मऊ व्हायचा. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी वर्ध्याहून साहेब येणार, तेव्हा पोरांना ही न्याहारी त्यांच्यासमोर द्यायची, असं त्याने ठरवलं. बाई हरखल्या. पहाटेपासून चुलाण्यापाशी बसून त्यांनी साठ पानगे भाजले. बेचाळीस पोरांचे, वरचे पाहुण्यांचे.

पोरं प्रभातफेरी करून सात वाजता मैदानात येऊन बसली. थंडी मरणाची. जीप आठला यायची होती, ती साडेदहाला आली. तोवर बाईंनी दोनदा विचारलं, की पोरांना एकेक देऊ का? वासुदेवरावांनी कानाला हात लावला.

“अवो बाई, झेंड्याच्या आधी खाणं म्हणजे नैवेद्याच्या आधी खाणं!”

ठीक. झेंडा झाला, भाषण झालं. बाईंनी टोपली उचलली, तर वासुदेवराव आडवे आले. “पहिले पाहुण्याले. पाहुणा देवावानी असते. पोरं काय, घरचीच हायेत.”

एका जीपमध्ये किती माणसं मावतात? त्या जीपमधून अकरा उतरली होती. शिवाय गावातली वजनदार मंडळी, त्यांचे भाऊ, भावांचे मेहुणे. साहेबांनी एक पानगा खाल्ला, वा म्हणाले, आणि चार खाल्ले. मग बाकीच्यांनाही वा म्हणावंसं वाटलं. दोघांनी घरी न्यायला रुमालात बांधून घेतले. समोर बेचाळीस पोरं रांगेत बसून प्रत्येक घासाबरोबर तोंडं उघडत-मिटत होती, ते एकालाही दिसलं नाही. अरे, डोळे काय फुटले होते तुमचे? टोपली पालथी झाली तेव्हा तिच्यात राख होती.

यावर कडी म्हणजे फोटो. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता. त्याला न्याहारी करणारी मुलं हवी होती. वासुदेवरावांनी पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली पडलेली पळसाची पानं गोळा करवली, दोन-दोन जुळवून पोरांच्या हातात दिली आणि म्हणाले, “तोंडाजवळ धरा रे, अन् हसा!” पोरं हसली. फोटो निघाला. जीप गेली. कोकिळाने पान उघडून पाहिलं, आत काही नव्हतं. कुठे कुठे गूळ लागला होता. तिने तो चाटला. तिचं पाहून रांगेतल्या सगळ्यांनी आपापली पानं चाटली.

साहेबलोकांची उष्टी पानं.

मग प्रत्येकाला एकेक लिमलेटची गोळी मिळाली.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. वासुदेवरावांचा राग होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा होता. वाढणारे हात आपले होते. पाहुणा आधी, हे आपल्याही हाडीमासी भिनलेलं, म्हणून आपण टोपली पुढे केली. नत्थूजी म्हणाले, “जाऊ दे नं आता.” बाई म्हणाल्या, “काऊन जाऊ देऊ?”

आठ दिवसांनी फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘पौष्टिक न्याहारीचा आस्वाद घेताना बालके.’ वासुदेवरावांनी फोटोची मोठी प्रत मागवली, फ्रेम केली आणि पडवीत फळ्याच्या वरच खिळा ठोकून लावली. म्हणजे बाईंनी अ काढायला मान वर केली, की समोर तो फोटो. वर्षभर. पोरांना आपले चेहरे ओळखण्याचा नाद लागला. एकदा कोकिळाने विचारलं, “बाई, आमी इथं काय खाऊन राह्यलो?” बाईंच्या हातातला खडू मोडला.

पुढच्या जानेवारीत वासुदेवराव पुन्हा आले. या खेपेला त्याहून मोठे साहेब येणार होते आणि त्यांनी पानग्यांचं नाव काढलं होतं. पण नव्या गोण्या आल्या नव्हत्या. बाईंनी उरलेल्या ओटाचा डबा उघडून दाखवला, “यात बेचाळीस होतीन. त्रेचाळिसावा नाई.”

“मंग झालं तं! पाहुण्याले पुरतेत. पोराले मुरमुरे देऊ.”

बाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. वासुदेवरावांना ते होकारासारखं वाटलं. नत्थूजी तिथे असते तर त्यांना नसतं वाटलं.

ऐंशी सालची सव्वीस जानेवारी शनिवारी आली. बाईंनी बेचाळीस पानगे भाजले, टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि झेंडा होईपर्यंत फडक्याला हात लावू दिला नाही. नैवेद्याचा मान त्यांनी राखला. झेंडा वर गेला. साहेब भाषणाला उभे राहिले. आपण सगळे एका भारतमातेची लेकरं, जात नाही, पात नाही, उच्च नाही, नीच नाही. आवाज चांगला होता, बोललेही मनापासून. तेवढ्यात कडुलिंबाखाली बसलेल्या पोरांच्या रांगेत बाई एका टोकापासून पानगे वाढत निघाल्या होत्या. शेवटचा पानगा कोकिळाच्या हातात पडला आणि टाळ्या वाजल्या. भाषण आटोपलं होतं.

वासुदेवरावांनी मागे वळून पाहिलं. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. “अरे ठेवा! ठेवा खाली!” म्हणत ते दोन माणसं आणि दोन परातींसकट धावले. पहिली परात रांगेपर्यंत पोचायला दहा पावलं राहिली होती. आनंदाबाईंनी, ज्यांचा आवाज शेजारच्या घराला कधी ऐकू गेला नव्हता, त्यांनी कमरेवर हात ठेवून हाक दिली.

“पोरंहो, चावा!”

बेचाळीस तोंडांनी एकदम चावा घेतला.

परातवाले होते तिथे थांबले. आता उचलून काय उपयोग? सगळं उष्टं. तेवढ्यात साहेब हसत हसत येऊन पोचले. “काय हो बाई, ते तुमचे प्रसिद्ध पानगे आम्हाला चाखवणार की नाही?”

“साहेब, ते... पोरांनी उष्टे केले,” वासुदेवराव पुटपुटले.

“घ्या नं साहेब,” बाई म्हणाल्या. “लेकराचं उष्टं मायबाप खातेतच. अन् सरकार तं मायबाप हाय.”

कोकिळाला वाटलं, खरंच मागतायत. ती उठली आणि दातांची कमान उमटलेला आपला पानगा तिने साहेबांपुढे धरला. तिच्या नाकाला शेंबूड होता, हातांना राख होती. साहेबांनी पानग्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, सभोवार उभ्या गावाकडे पाहिलं. पाच मिनिटांपूर्वीचं भाषण अजून लोकांच्या कानांत होतं.

“मला... शुगर आहे,” ते म्हणाले.

मग मागच्या मंडळींनाही आपापली दुखणी आठवली. कोणाला पथ्य निघालं, कोणाचं पोट बिघडलं होतं. एकाला तर शनिवारी गुरुवारचा उपास आठवला. वर्षापूर्वी यांची उष्टी पानं याच पोरांनी चाटली, तेव्हा कोणाला काही आठवलं नव्हतं. फोटोग्राफरने कॅमेरा खांद्याला अडकवला. पोरांची तोंडं भरलेली होती, आणि तसला फोटो कोणाला नको होता. साहेब जीपकडे वळले, तशी बाईंनी कोकिळाच्या डोक्यावर हात ठेवला.

“बस, बाई. नीट बसून खाय. तुयाच हाय तो.”

वासुदेवराव महिनाभर बाईंशी बोलले नाहीत. गावाची अब्रू गेली म्हणाले. पोरं उपाशी बसली तेव्हा अब्रू कुठे होती, हे नत्थूजींनी त्यांना चावडीवर सगळ्यांदेखत विचारलं. एवढं एकच वाक्य ते जन्मात मोठ्याने बोलले असतील.

फेब्रुवारीत तालुक्याहून बाईंच्या नावे पत्र आलं. ‘पाहुण्यांसाठी तयार केलेली न्याहारी त्यांना का देण्यात आली नाही, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत करावा.’ नोकरी जाणार, असं सगळ्यांनी धरलं. वासुदेवराव अबोला सोडून आले आणि माफी लिहून द्या म्हणाले. बाईंनी फळ्यावर काढतात तशा मोठ्या अक्षरांत खुलासा लिहिला.

‘न्याहारी पाहुण्यांची नव्हती, पोरांची होती. पोरांनी खाल्ली. सोबत मागच्या वर्षीचा फोटो पाठवत आहे. त्यात पोरांच्या हातात जी पानं आहेत ती कोणाची उष्टी, हे साहेबांनी ओळखून कळवावं.’

मग स्टुलावर चढून त्यांनी ती फ्रेम खिळ्यावरून काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि नत्थूजींबरोबर सेलूला, तालुक्याच्या कचेरीत धाडली.

तालुक्याहून उत्तर आलं नाही. फ्रेमही परत आली नाही. आनंदाबाई त्यानंतर आठ वर्षं त्या पडवीत होत्या. फळ्यावरचा खिळा त्यांनी काढला नाही. दर जानेवारीत त्या त्याला पळसाच्या पानांची जुडी अडकवायच्या. सव्वीस तारखेला ओट नसले तर कणीक मळायच्या, मोजून बेचाळीस जोड्या काढून घ्यायच्या आणि चूल पेटवायच्या.