गादीवाफ्यांचे राखमामा

माझ्या लग्नात शेवटची पंगत उठली तेव्हा इतर नातेवाईक निरोपाच्या गडबडीत होते, आणि माझे मामा आचाऱ्याच्या चुलीतली गार झालेली राख पोत्यात भरत होते. त्यांच्या गावात, शिरड शहापुरात, त्यांना नावानं कुणी हाक मारीत नसे. राखमामा म्हटलं की पुरे.

सासऱ्यांनी ते पाहिलं. "मामा, हे काय करून राहिले तुमी?" मी शरमेनं मान खाली घातली.

मामांनी वर न बघता विचारलं, "तुमच्या परसात वांगी कशी येतात?"

"न्हाई येत. दोन सालापासून फुलावर आली की माना टाकतात."

"दरसाल त्याच वाफ्यात लावता?"

"व्हय."

"मंग थकली तुमची माती. येतो मी वैशाखात."

आणि ते खरंच माझ्या सासरच्या गावी, गोरेगावला आले, बैलगाडीत राखेचं पोतं घेऊन! आमच्या परसात वीतभर उंच असे चार गादीवाफे होते. मामांनी जुनी वांगी मुळासकट उपटून कुंपणाबाहेर लांब नेऊन जाळली. माती खालीवर करून पंधरा दिवस उन्हात तापू दिली. सासरे उतावळे, त्यांनी गोठ्यातून ताज्या शेणाची पाटी आणली. मामांनी ती उकिरड्यावर परत पाठवली. "ताजं शेण मुळं पोळतं, पाव्हणं. वरीसभर मुरू द्या त्याला." मग जुनं मुरलेलं खत, तळ्यातला गाळ आणि वर थोडी राख. "राख मिठावानी घालायची, पिठावानी न्हाई," असं मला बजावलं.

माती तयार झाली की नाही, हे ते मुठीवरून ठरवत. ओलसर माती मुठीत दाबायची. लाडू वळला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. माझा लाडू कधी वळायचा नाही, कधी फुटायचा नाही. मामा खो खो हसत. त्या साली आजारी वाफ्यात चवळी लावली, वांगी दुसऱ्या टोकाला नेली. दिवाळीपर्यंत सासरे दिसेल त्याला धरून वांगी देत होते.

अठ्ठेचाळीस साली लुटालुटीच्या धामधुमीत आम्ही घर सोडून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात गेलो. परतलो तेव्हा दारं मोडलेली, गोठा रिकामा, वाफ्यांवर कमरेइतकं तण. सासरे ओट्यावर बसले ते दोन दिवस उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी मामा पायी आले. ते आता पार वाकले होते. घराकडं न बघता ते परसात गेले, तण उपसलं आणि मूठभर माती घेऊन सासऱ्यांपुढं उभे राहिले.

"पाव्हणं, बघा तर! आपल्याला इसावा न्हाई भेटला, हिला भेटला. लई गोड झाली माती."

सासऱ्यांनी ती माती हातात घेतली. बराच वेळ चोळत राहिले. मग उठून म्हणाले, "सूनबाई, खुरपं कुठं हाय?"

दोघांनी मिळून मेथी पेरली. मामा पुढच्या उन्हाळ्यात गेले. वैशाख लागला की वाफे आता मी उकरते; सासरे ओट्यावरून सूचना देतात, आणि त्या सगळ्या मामांच्याच असतात.