एल्विराच्या दारातली झेंडूची वाट

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसती वाचते आहे. लिहिलं कधीच नाही. खरं सांगायचं तर इथले बरेच अनुभव वाचून मनातल्या मनात हसलेही आहे... त्याबद्दल आधीच सॉरी. माझे बाबा सांगलीला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. लहानपणी कुणी भुताचं नाव काढलं की ते शांतपणे विचारायचे, "वजन किती होतं त्याचं?" अशा घरात वाढल्यावर या गोष्टींवर विश्वास बसणं शक्यच नव्हतं. आजही बसलाय असं म्हणणार नाही. जे झालं ते फक्त सांगते.

मी मुग्धा. नवरा अमोल आणि मी सिडनीत स्कोफिल्ड्सला राहतो. नवी वस्ती, नवं घर, भिंतींना अजून रंगाचा वास येतो असं. मी वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका एज्ड केअर कंपनीत रोस्टरिंग, म्हणजे ड्यूट्या लावायचं काम बघते, तेव्हा पूर्ण वर्क फ्रॉम होम होतं.

२०२१च्या एप्रिलच्या शेवटी माझी आई कोविडने गेली. सांगलीतच, हॉस्पिटलमध्ये, आठ दिवसांत. बॉर्डर बंद होत्या. जायची परवानगी मिळेपर्यंत सगळं उरकलंही असतं आणि परत येता आलं नसतं ते वेगळंच. तेराव्याचे विधी मी फोनवर पाहिले, तेही मध्येच फ्रीझ होत होते. आईचा चेहरा शेवटचा कुणीच नीट पाहिला नाही. बाबांनीही नाही.

त्यानंतर सिडनीचा मोठा लॉकडाऊन लागला. त्या चार महिन्यांत मी एकच काम केलं — मेक्सिकोच्या ट्रिपचं प्लॅनिंग. कसं सुरू झालं ते सांगता येणार नाही. कुठेतरी वाचलं की तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांचा सण असतो. घरात फोटो मांडतात, त्यांच्या आवडीचं खायला ठेवतात आणि रडत नाहीत. ते 'रडत नाहीत' माझ्या डोक्यात बसलं.

मग मी एक्सेल शीट केली. कुठल्या महिन्यात कुठला सण, पाऊस कधी, ईस्टरच्या आठवड्यात हॉटेलं कशी मिळत नाहीत, डिसेंबरात दारोदार गाणी म्हणत फिरतात ते कोणत्या तारखांना. अमोल म्हणायचा, "डिसेंबरच बरा ना... समर हॉलिडेज असतात, लीव्ह पण कमी जाईल." मी ऐकायचे नाही. मला नोव्हेंबरच हवा होता. पुढच्या वर्षीचा, २०२२चा.

"अगं, आईचं करायचं तर इथेच पितृपक्षात करू की," तो एकदा म्हणाला.

"मला करायचं नाहीये काही. मला बघायचंय."



मेक्सिकोतल्या वाहाका शहराच्या बाहेर एका गावात एल्विरा नावाची बाई तीन खोल्यांचं गेस्ट हाऊस चालवते. साठीची असेल. अमेरिकेत काही वर्षं घरकाम केलेलं, त्यामुळे तुटकं इंग्लिश येतं. बुकिंगची चौकशी करता करता आमच्या गप्पा व्हायला लागल्या. आईबद्दल सांगितल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तू येशीलच. पण यंदाही फोटो पाठव. माझ्या नवऱ्याशेजारी लावते. काय आवडायचं तिला?"

मी आईचा बाल्कनीतला हसरा फोटो पाठवला. एक फोटो. आणि लिहिलं — चहा आणि खारी.

आता तो दिवस. २ नोव्हेंबर, मंगळवार. मेलबर्न कपच्या घोडेशर्यतीचा दिवस, त्यामुळे ऑफिसच्या चॅटवर सकाळपासून सगळे आपापल्या घरात हॅट घालून फोटो टाकत होते. आपल्याकडे धनत्रयोदशी होती. सकाळी अकराला एल्विराचा मेसेज आला. तिच्याकडे तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ, सांगलीत पहाटेचे साडेपाच.

फोटो होता. पायऱ्यापायऱ्यांची मांडणी, मेणबत्त्या, पाव, वाफाळता कप, आणि दारापासून मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची सरळ वाट. खाली लिहिलं होतं: "चहा नाही मिळाला. दालचिनीची कॉफी चालेल ना तुझ्या आईला?"

मी हसले. मग झूम केलं.

एल्विराचा नवरा, त्याच्याशेजारी आई... आणि आईशेजारी बाबा.

बाबा एका पलंगावर बसलेले. मागे अर्ध्या भिंतीपर्यंत हिरवट टाइल्स. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट. डाव्या भुवईवर पांढरी पट्टी.

असा फोटो मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. बाबांकडे तसला शर्ट नाही. आणि रविवारी व्हिडिओ कॉल झाला होता तेव्हा भुवईवर काही नव्हतं.

मी एल्विराला लिहिलं, हा दुसरा फोटो कुठून आला? तिने स्क्रीनशॉट पाठवला. माझ्याच नंबरवरून, एकाखाली एक, दोन फोटो. माझ्या चॅटमध्ये एकच दिसत होता. गॅलरी पाहिली, डिलीट केलेले फोटो पाहिले. काही नाही.

बाबांना फोन लावला. ते पाचला उठतात, साडेपाचला चहा घेऊन मला गुड मॉर्निंग टाकतात. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा.

"अमोल!" मी खालच्या मजल्यावर ओरडले. "बाबा फोन उचलत नाहीयेत!"

"झोपले असतील गं—"

"तू वर ये!"

त्याने फोटो पाहिला आणि सांगलीत बाबांच्या शेजारी राहणाऱ्या शिंदे काकूंना फोन लावला. त्यांच्याकडे बाबांच्या फ्लॅटची किल्ली असते. दोन मिनिटांनी काकूंचा आवाज स्पीकरवर आला, "अरे, कुलूप उघडलंय पण आतून कडी आहे. बेल वाजवतोय, ओ देत नाहीत. हे वॉचमनला बोलवायला गेलेत."

अमोल फोन कानाला लावून बाजूच्या खोलीत गेला. तेवढ्यात माझ्या फोनवर एल्विराचा व्हिडिओ कॉल.

"काय झालं? तू असं का विचारलंस?"

"एल्विरा, ते माझे वडील आहेत. ते जिवंत आहेत."

तिचा चेहरा मी विसरणार नाही. ती आधी छातीवर क्रॉसची खूण करून काहीतरी पुटपुटली. मग मांडणीकडे गेली, बाबांचा फोटो उचलला आणि छातीशी पालथा धरला.

"मला वाटलं दोघंही... सॉरी, पोरी, सॉरी."

"काढलास ना? मग झालं ना?" मी हे विचारत होते. मी! फिजिक्सच्या मास्तरांची मुलगी.

एल्विरा वाटेकडे बघत होती. "सकाळी मी सगळ्या फोटोंना हाक मारून ही वाट घातली. त्यालाही हाक मारली. गेलेली मोठी माणसं आज संध्याकाळी याच वाटेने येतात." मग ती म्हणाली, "वाट मोडावी लागेल. पण वाट एकच असते. मोडली तर तुझी आई पण नाही येणार."

तुम्ही म्हणाल, पाकळ्याच त्या. मीही एरवी तेच म्हटलं असतं. पण तेव्हा चार महिने मी फक्त अशाच एका संध्याकाळची वाट पाहत होते. मी तिथे नव्हते, तरी कुणीतरी माझ्या आईसाठी कप भरून ठेवला होता, दार उघडं ठेवलं होतं. तिला नीट निरोप दिला नव्हता, आणि आता ती येत असेल तर मीच तिच्या तोंडावर दार लावायचं...

बाजूच्या खोलीतून काकूंचा आवाज येत होता. "पहार आणलीये... थांबा हो, हळू..."

"पोरी," एल्विरा म्हणाली, "सांग लवकर."

"मोड," मी म्हटलं. "आईला चालेल. मोड तू."

तिने फोन खुर्चीला टेकवून ठेवला आणि झाडू घेतला. मला फक्त तिचे पाय दिसत होते आणि झाडूचा आवाज येत होता. खर्र, खर्र. पाकळ्या दाराकडून आत नाही, आतून बाहेर लोटत होती ती. नवऱ्याचीही वाट गेली होती तिच्या. ते मला फार नंतर लक्षात आलं.

तिकडे कडी तुटल्याचा आवाज आला. मग काकू किंचाळल्या. मग बराच वेळ... म्हणजे मला बराच वाटला... काहीच नाही.

अमोल दारात आला. डोळे लाल.

"बाथरूममध्ये पडलेत. रक्त खूप गेलंय. पण श्वास चालू आहे, मुग्धा. श्वास चालू आहे."

बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात. पाय घसरून नळावर आपटले होते, कधी ते त्यांना आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

संध्याकाळी आमच्या ड्राइव्हवेवर मी कणकेचा दिवा लावला, दक्षिणेकडे तोंड करून. दरवर्षी आई यमदीप लावायची, मी इथे आल्यापासून कधी लावला नव्हता. अमोलने फोनमध्ये कंपास बघून दिशा सांगितली. हसला नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काकूंनी हॉस्पिटलमधून व्हिडिओ कॉल लावला. बाबा पलंगावर उठून बसले होते. मागे हिरवट टाइल्स. डाव्या भुवईवर पांढरी पट्टी. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट.

"हा शर्ट कुणाचा, बाबा?"

"शिंद्यांचा. माझे कपडे सगळे भरले होते ना रक्ताने... काय गं? अशी काय बघतेस?"

मी स्क्रीनशॉट घेतला नाही. बोट बटणापासून लांब धरून बसले होते. फोटो घ्यायचीच भीती वाटत होती.

पुढच्या वर्षी मे महिन्यात बाबा आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना सगळं सांगितलं. एल्विराने पाठवलेला तो मांडणीचा फोटो माझ्याकडे अजून आहे, तो दाखवला. त्यांनी एका लिफाफ्याच्या पाठीवर तिन्ही देशांच्या वेळा लिहिल्या. फोटो मोठा करून, फिरवून पाहिला. स्क्रीनशॉट कुणी बदलला असेल, फोनमध्ये काय गोंधळ झाला असेल, एकेक शक्यता लिहिली आणि एकेक खोडली. तासाभराने पेन ठेवलं.

"मला माहीत नाही," म्हणाले.

बाबांच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलेलं आठवत नाही. मलाही माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, वाद घालणार नाही.

मेक्सिकोला आम्ही अजून गेलो नाही. शीटमधली तारीख मात्र मी बदलली — डिसेंबर. नोव्हेंबरात त्या दारातून आत जायचं धैर्य माझ्यात नाही.

२०२२च्या ऑक्टोबरात एल्विराचा मेसेज आला: "आईचा फोटो यंदा लावते आहे. वाटेला दुप्पट फुलं घालते. तुझ्या वडिलांचा फोटो फेकायला मन होत नाही. कपाटात ठेवलाय, पालथा. तू सांगशील तेव्हाच काढीन."

दरवर्षी ती हे लिहिते. दरवर्षी मी बाबांना आधी फोन करते, त्यांचा 'हॅलो' ऐकते, आणि मग तिला उत्तर पाठवते — यंदा नको.