चिलकानं बंद पाडलेली गल्ली

तिसरा माणूस सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दगावला, त्या सकाळी डीवायएसपी साहेबांनी आम्हा दोघा सब-इन्स्पेक्टरांना समोर उभं केलं. दोघं म्हणजे मी आणि व्यंकटेश चिलका. एकाच बॅचचे, एकाच चौकीतले. वरचा माणूस पुढे गेला तर आपण त्याचं नशीब म्हणतो. बरोबरीचा पुढे गेला की पोटात दुखतं. माझं दुखणं तोवर चांगलं मुरलेलं होतं.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागवाल्यांच्या वस्तीत, दिवेलागणीच्या सुमाराला कुणीतरी एकट्या माणसाच्या डोक्यात मागून लोखंडी पाइप घालत होतं. चोरीला काही जात नव्हतं. बायकांनी बाहेर पडणं सोडलं होतं, पुरुष घोळक्यानं कामावर जात होते. भरवस्तीत खून होत होते आणि कुणी काही ऐकलेलं नव्हतं.

माझा बंदोबस्त तयार होता. विजेच्या टंचाईमुळे माग बंद ठेवायचा वार तेव्हा भागाभागाला वेगळा असे. बंद गल्ली शांत, म्हणून खुनी तिथंच येणार, असा माझा तर्क. साध्या कपड्यातले पोलीस ठेवायचे, प्रत्येकाकडे शिट्टी. शिट्टी वाजली की चारी बाजूंनी धावायचं. साहेब मान डोलवत होते. मी जरा ऐटीत चिलकाकडे बघितलं.

चिलका म्हणाला, "सर, तिन्ही खून चालू गल्लीत झालेत. बंद गल्लीत लोक कट्ट्यावर बसतात की. माग चालू असले की शेजारचा ओरडलेला ऐकू येत नाही. शिट्टी काय ऐकू येणार?"

हा मागाच्या खटखटीतच वाढलेला. त्याची आई बापाला जेवायला बोलवायची ती दिवा घालवून आणि लावून, हेही त्यानं सांगून टाकलं. मग लोकांना बोलवायचं कसं, असं साहेबांनी विचारलं.

"लाइट घालवायची, सर. माग थांबले की सगळी गल्ली बाहेर येते."

साहेब माझ्याकडे वळले. "हे तुम्हाला का सुचलं नाही?"

मी अकलूजचा, उसातला माणूस. मला कसं सुचावं? खरं सांगतो, त्या क्षणी तो खुनी चिलकाला सापडू नये असंच मला वाटलं.

ठरलं ते असं. चालू गल्लीच्या तोंडाशी विजेच्या पेटीजवळ लाइनमन बसेल. चिलका एका घराच्या माळवदावरून नजर ठेवेल आणि रुमाल हलवला की लाइनमन फ्यूज काढेल. गल्लीतून एकट्यानं चालायला माणूस हवा होता. मी पुढे झालो. त्यात शौर्य नव्हतं, सगळं श्रेय एकट्या चिलकाला जाऊ द्यायचं नव्हतं. शिट्टी मी खिशात ठेवलीच.

चार-पाच संध्याकाळी फुकट गेल्या. मग एकदा सूर्य बुडाल्यावर, अजून उजेड असताना, माझ्या खांद्यावर पाइप बसला. मागून आलेली पावलं ऐकूच आली नव्हती. मी आडवा झालो आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली. हातभर अंतरावर खिडकीत एक विणकर माझ्याकडे पाठ करून उभा होता. तो वळला नाही. पाइप पुन्हा वर गेला.

आणि माग थांबले. गल्लीभर एकदम शांतता. त्यात माझी शिट्टी एवढी मोठ्यानं वाजली की मीच दचकलो. हल्लेखोरही दचकला. दारं उघडली. बनियनवरचा एक म्हातारा कुरकुरत बाहेर आला.

"लाइट कुनी घालवली वो?"

मग त्यानं आम्हाला बघितलं. गल्ली दोन्ही बाजूंनी भरली होती, पळायला जागा नव्हती. लोकांच्या तावडीतून त्या माणसाला जिवंत सोडवताना चिलकाचा शर्ट फाटला. नंतर तो माझ्याजवळ बसला.

"लई लागलं का?"

"उशीर केलास," मी म्हणालो. त्यानं उशीर केलेला नव्हता.

तो माणूस का मारत होता, ते कोर्टातही नीट बाहेर आलं नाही. त्याला जन्मठेप झाली, पूर्व भाग पुन्हा एकेकटा हिंडू लागला. चिलकाला प्रमोशन मिळालं, मला प्लॅस्टर.

माझी बायको दिवाळीच्या फराळाचा पहिला डबा चिलकाकडे धाडायची. "त्यांच्यामुळं माझं कुंकू राहिलं," म्हणायची. डबा पोचवायला मीच जायचो. ज्यानं जीव वाचवला त्याचा हेवा वाटत नाही, असं लोक म्हणतात. वाटतो. उपकार फिटत नाहीत, म्हणून दुप्पट वाटतो.

नोकरीतला धडा एवढाच, की बरोबरीच्या माणसाकडून जीव वाचवून घेऊ नये. घ्यावाच लागला, तर निदान त्याची बदली लांब व्हावी. चिलका रिटायर होईपर्यंत माझ्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहिला.