सातवा ठोका

जुनी जीप घ्यायला निघालेल्या माणसाला मी आजही पहिली गोष्ट हीच सांगतो, की सकाळी जा आणि न सांगता जा. सांगून गेलास की विकणारा इंजिन आधीच गरम करून ठेवतो, आणि गरम इंजिन मरणाच्या दारात असलं तरी एका झटक्यात सुरू होतं. पोचल्या पोचल्या बॉनेटवर तळहात ठेव. ऊब लागली तर चहा माग, शेतीपाण्याच्या गप्पा मार, आणि इंजिन पुरतं गार होईस्तोवर बूड हलवू नको.

हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं. कसं, ते ऐका. मी तेव्हा विशीतला, चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, त्याच्या वर्कशॉपात लागून वर्ष झालेलं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या जीपा जंगलाच्या ठेकेदारांनी उचलल्या होत्या. बांबू आणि सागवानाच्या कामावर दोन-तीन वर्षं दामटायच्या, पार खिळखिळ्या झाल्या की रंग मारून पुढच्याच्या गळ्यात बांधायच्या, असा सगळा कारभार. घेणारा शहाणा असला तर उस्तादाला सोबत न्यायचा. अशाच एका गाडीपाशी उस्तादानं मला विचारलं, "गाडी थंडी आहे का बे?" मी हात न लावताच "आहे" म्हणालो. त्यानं माझं मनगट धरलं, मला खाली वाकवलं आणि उजवा तळहात सायलेन्सरच्या नळीवर दाबून धरला. पाच मोजले, मोठ्यानं. कातडी नळीलाच राहिली. ठेकेदार हसला, घेणारा हसला. "आता नाई विसरनार हा," उस्ताद म्हणाला आणि पुढच्या कामाला लागला.

खरंच विसरलो नाही. बॉनेटवर हात ठेवायचं विसरलो नाही, आणि ते हसणंही विसरलो नाही.

पण माणूस कामात राक्षस होता, हे कबूल केलंच पाहिजे. ऑईलची पट्टी बाहेर काढून तो थेंब दोन बोटांत चोळायचा आणि सांगायचा, बेअरिंग गेलं. रेडिएटरचं झाकण उघडून नाक लावायचा. हळदीचा वास आला की गळती आहे, कारण हळद टाकून गळती बुजवायची युक्ती आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. गिअरबॉक्स फारच गुपचूप चालत असला तर त्याला जास्त संशय यायचा. तळाचा बोल्ट सैल करून ऑईल हातावर घ्यायचा, आणि आवाज दाबायला भरलेला आरा मशीनवरचा लाकडाचा भुसा निघाला की विकणाऱ्याच्या तोंडासमोर हात धरायचा. "हे जेवन तुह्या घरचं काय रे?" असं विचारायचा. गाडी नाल्यात घालून चारही चाकांचा जोर लावून पाहिल्याशिवाय सौदा करू द्यायचा नाही.

सगळ्यात शेवटी चासी. म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ज्यावर बाकी सगळं बसवलेलं असतं. इंजिन बदलता येतं, चाकं बदलता येतात, चासी गेली की गाडी भंगार. चिरा डोळ्यांनी दिसत नाहीत, रंगाखाली लपतात. म्हणून उस्ताद गाडीखाली पाठीवर सरपटत जायचा आणि छोट्या हातोडीनं पुढून मागे सात ठोके द्यायचा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. जागा ठरलेल्या. साबूत लोखंड घणघणतं, चिरलेलं असलं तर बद्द वाजतं. सातवा ठोका मागच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, कमानीपाशी, कारण माल लादला की सगळा भार तिथंच येतो.

सहा वर्षं मी हे ऐकत आणि शिव्या खात काढली. त्या घरात माझ्याशी माणसासारखं बोलायची ती त्याची बायको. तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो. तिच्या माहेरी लाखेच्या बांगड्या करायचे. कानशीची मूठ सैल झाली, हातोडीचा दांडा हलायला लागला की ती चुलीवर लाख पातळ करून त्यात बसवून द्यायची, आणि मग ती मूठ बैलानं ओढली तरी निघायची नाही. भाजलेल्या हातावर पहिल्या दिवशी खोबरेल लावलं तेही तिनंच. मी वेगळं दुकान टाकलं तेव्हा तिनं मला लाल लाखेचा नारळाएवढा गोळा दिला. "कामात पडंन तुह्या," म्हणाली.

दुकानाच्या पूजेला उस्तादही आला होता. चार गिऱ्हाइकं बसलेली. प्रसाद घेतला, इकडे तिकडे पाहिलं आणि त्यांना म्हणाला, "याले जीप नका दाखवू. बैलबंडी दाखवा." सगळे हसले. ओठांवरचा पेढा पुसत तो निघून गेला. त्या दिवशी मी ठरवलं, याला एकदा धडा द्यायचाच. काय धडा, ते मला माहीत नव्हतं.

दोनेक वर्षांनी एक ठेकेदार आपली जीप माझ्याकडे घेऊन आला. डाव्या बाजूला, बरोबर सातव्या जागी, चासीला बोटभर लांब चीर होती. जोड मारायला नागपूरला पाठवावी लागली असती आणि दोन आठवडे काम खोळंबलं असतं. ठेकेदाराला ती विकायचीच होती. "काही तरी कर बुवा, दिसली नाई पाह्यजे," तो म्हणाला. माझं अर्धं दुकान त्याच्याच गाड्यांवर चालायचं. मी बाईनं दिलेली लाख पातळ केली, तीत लोखंडाचा कीस कालवला, चिरेत ठासून भरली, घासून सपाट केली आणि वरून काळा रंग मारला. हात फिरवला तर मलाही जागा सापडेना. स्वतःवर खूश झालो, खोटं कशाला बोलू.

महिन्याभरानं उस्ताद माझ्या दारात. पूजेनंतर पहिल्यांदाच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. उन्हात नीट दिसायचं, सावलीत सगळं धुरकट. वर्कशॉपचं काम सुटलं होतं. बाईच्या पाटल्या मोडून त्याला एक जीप घ्यायची होती. मूल आणि गडचिरोली या गावांच्या बाजारांना मीठवाले, कापडवाले आणि त्यांचा माल पोचवायचा, दिवसाउजेडी जायचं आणि दिवसाउजेडी यायचं. नवराबायकोच्या उरलेल्या दिवसांची भाकर त्या गाडीवर होती. "खालचं मले दिसत नाई आता," तो म्हणाला. "तू चाल."

चाल म्हणाला, येतोस का म्हणाला नाही. मी गेलो. गाडी तीच होती.

ठेकेदारानं माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पान लावत बसला. उस्तादानं बॉनेटवर हात ठेवला, ऑईल चोळलं, रेडिएटर हुंगला, चाकं धरून हलवली. बाकी गाडी चांगलीच होती. मग त्यानं पिशवीतून ती छोटी हातोडी काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः गाडीला कान लावून, डोळे मिटून उभा राहिला. मी खाली सरपटलो. एक, दोन, तीन. सहाव्यापर्यंत लोखंड स्वच्छ घणघणलं. सातवी जागा माझ्या नाकासमोर होती.

ठेकेदाराचं काम जाईल म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. साफ खोटं आहे. गाडीखालून मला उस्तादाच्या चपला दिसत होत्या, आणि मला ते पाच आकडे ऐकू येत होते. मोठ्यानं मोजलेले. मी सातवा ठोका सहाव्याच जागी मारला.

वरून आवाज आला, "पुन्हा मार."

मी पुन्हा तिथंच मारला, मग उजवीकडचे सात.

"हं," तो म्हणाला. "चांगली आहे."

सौदा झाला. जाताना तो माझ्या खांद्याचा आधार घेऊन गाडीत चढला. मला बरं वाटलं. असं बरं मला स्वतःचं दुकान टाकलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

गाडी सव्वा महिना चालली. मूलच्या रस्त्यावर मिठाची पोती लादून नाल्याच्या उतारावर उतरताना चासी तुटली. मीठवाला उडी मारून बाजूला झाला. उस्ताद स्टेअरिंगमागं अडकला आणि गाडी कलंडून त्याच्या कमरेवर आली. हाड जुळलं नाही, जुळण्यासारखं नव्हतंच. मी पाहायला गेलो तेव्हा तो बाजेवर लाकडासारखा पडलेला होता, आणि बाई त्याला पंख्यानं वारा घालत होती. तुटलेली जीप बैलांनी ओढून आणून अंगणात टाकलेली होती.

मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो. त्यानं मला जवळ बसवलं.

"एक काम कर माह्यं," तो म्हणाला. "तुटली त्या जागेची कड पाह्य. मले दिसत नाई. जुनी चीर असंन तं कड काळी राह्यते. आता तुटली असंन तं चकाकते. पाहून सांग मले, गाडीच खराब होती का मीच पोती जास्त लादली."

त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं. दिवसभर पडल्या पडल्या तो तेच उगाळत असणार. मी अंगणात गेलो. कड अर्धीअधिक काळी होती, आणि काळ्याला चिकटून माझी लाल लाख, सुकल्या रक्तासारखी. सगळं सांगून टाकायला तेवढीच एक घडी मला मिळाली होती. या वेळी मनात राग नव्हता, सूड नव्हता, फक्त भीती होती, आणि ती रागाहून हलकट निघाली. आत येऊन मी म्हणालो, "चकाकते, उस्ताद. नवीच तूट आहे."

"मंग माहीच चुकी," तो म्हणाला. "तू तपासली होती, मले वाटलंच. तुह्या नजरेतून कशी सुटंन." मग बाईकडे मान वळवून म्हणाला, "इतके पोट्टे शिकवले, एकच तयार झाला." सहा वर्षांत आणि त्यानंतरही या माणसाच्या तोंडून चांगला शब्द आला नव्हता. आला तो असा.

मी उठलो. बाई माझ्यामागे दारापर्यंत आली. तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर, भाजल्याच्या डागावर, लाल लाखेचा एक तुकडा ठेवला. त्यात लोखंडाचा कीस चमकत होता.

"लाख मले नाई समजनार काय?" ती हळू आवाजात म्हणाली. "माह्या हातचीच आहे."

पाय धरायला वाकलो तर ती मागे सरकली.

"त्याईले सांगू नोको," ती म्हणाली. "हातपाय गेले, आता तुह्या नावावर जगून राह्यले ते. तेवढं राहू दे. पन तू येत जाय. दर इतवारी येत जाय आन त्याईच्या जवळ बसून आयकत जाय."

मी साडेतीन वर्षं, तो जाईपर्यंत, दर रविवारी गेलो. तो आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायचा, माझी नजर, माझा कान, सगळं सांगायचा, आणि शेवटी मला विचारायचा, "काऊन बे, खरं आहे का नाई?" बाई चहाचा कप घेऊन दारात उभी असायची. माझं उत्तर येईस्तोवर ती कप पुढे करत नसे. मी हो म्हणायचो, आणि मग ती मला चहा द्यायची.