हातभर चढ

माझा स्वभाव तापट. आजही आहे, फक्त आता गुडघे दुखतात म्हणून आरडाओरडा बसून करतो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, रेल्वेच्या छोट्या लाईनवर मिस्त्री होतो, आणि रुळांखालच्या मातीबद्दल मला कुणी काही शिकवावं हे मला खपत नसे. शेवटी ते एका बाईनं शिकवलं. तिच्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिला ते आवडलं नसतं. "माया गावात काय पायाले येतेत लोकं?" असं तिनं नक्की विचारलं असतं.

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होण्याआधीची. गोंदियाहून दक्षिणेला जंगलात शिरणारी आमची लाईन नवेगाव बांधच्या अलीकडे एका मोठ्या तलावाच्या अगदी काठानं जायची. तलावाला गावाच्या बाजूनं जुनी मातीची पाळ होती. तिकडचे लोक तिला 'पार' म्हणतात. समोरच्या अंगाला आमचा रेल्वेचा भराव, पुरुषभर उंचीचा. त्या वर्षी आश्विनात पूर्वेकडून वादळ आलं आणि दोन दिवस, दोन रात्री झोडपत राहिलं. समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता, पण तलावाला तशा लाटा येतात हे त्या दिवशी पाहिलं. आमचा भराव लाटांनी खाल्ला. पंधरा-सोळा पावलांचं खिंडार पडलं आणि त्यावर रूळ, स्लीपरांसकट, वाळत घातलेल्या लुगड्यासारखे लोंबत राहिले. गावाची पाळ मात्र शाबूत होती. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कुणी बिनशिकलेल्या लोकांनी बांधलेली पाळ टिकली आणि आमचा मापानं घातलेला भराव गेला, याचा मला भयंकर राग आला.

आमचे इंजिनियर साहेब ट्रॉलीवर बसून आले, खिंडार पाहिलं आणि दोन मिनिटांत निकाल दिला. पाण्यात माती टाकून भराव होत नाही. तलाव रिकामा करा. पाळ फोडा, पाणी वाहून जाऊ द्या, मग कोरड्यात काम करा. हुकूम मला होता. मी गँगला फावडी-सब्बल घेऊन पाळीवर चढवलं.

पाळीवर एक बाई बसली होती. पन्नाशीची, काळी, काटक, लुगड्याचा काचा मारलेला. ती गावची पाणकरीण. तलावाचं तोंड उघडायचं, बंद करायचं आणि कुणाच्या शेताला कधी पाणी हे ठरवायचं काम पाणकराचं. नवरा वारल्यावर ते तिनं उचललं होतं आणि तिच्याकडून ते काढून घ्यायची छाती गावात कुणाला झाली नव्हती.

"पार फोडाले आला का गा?" तिनं विचारलं.

"साहेबाचा हुकूम आहे."

"धान पोटरीत हाय. अजून एक पानी लागते. हे पानी गेलं त धान काय पिईन, तुया साहेबाची थुंक?"

गँगमधले हसले. मी त्यांच्यावर ओरडलो. पण ती म्हणत होती ते खरं होतं. पाळीवरून खाली नजर टाकली की शिवारभर धान उभं होतं, कणसं अजून पोटात. शेवटचं पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाही तर सगळं पोचट. अख्ख्या गावाचं वर्ष त्या एका पाण्यावर होतं.

ती उठली आणि तडक भरावावर साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. तलाव भरलेला असताना खिंडार बुजवून देते म्हणाली. तिच्या बापजाद्यांनी म्हणे अशाच पाण्यात पारी बांधल्या. साहेबांना तिची बोली कळली नाही. मी हिंदीत सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, सांगताना हसलो. साहेब हसले नाहीत. म्हणाले, "पाँच दिन. छठे दिन सुबह इंजन जाएगा, नहीं तो बाँध कटेगा." वर मला तिथंच ठेवून गेले, देखरेखीला.

आता ते काम कसं झालं ते सांगतो, कारण तसं काम मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी गावच्या माणसांनी खिंडाराच्या दोन्ही अंगांना पाण्यात बांबू ठोकले, त्याला तट्टे बांधले, आणि तणसाचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, मांडीएवढे जाड दोर वळून ते चिखलात घोळून तट्ट्यांच्या फटीत कोंबले. मग मधलं पाणी उपसलं. दुसऱ्या दिवशी माती पडायला लागली. कन्हार म्हणतात तिकडे, काळी चिकट माती, हाताला लागली की सुटत नाही. टोपल्या पाळीच्या खालच्या बाजूनं येत होत्या. मी म्हटलं, आता धुम्मस घ्या, ठोका. पाणकरीण माझ्याकडं बघून म्हणाली, "ठोकून माती वरच्यावर दबते बाबू. आत पोकर राहते." आणि तिनं गावच्या बाया बोलावल्या.

वीस-बावीस बाया खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभ्या राहिल्या आणि माती तुडवत मागं मागं चालायला लागल्या. मी विचारलं, हे उलटं कशाला? तर सगळ्या खिदळल्या. धानाची रोवणी करताना बाई चिखलात मागंच सरकते. जन्मभर त्यांचे पाय तेच शिकलेले. टाच आधी पडते, अख्ख्या अंगाचा भार टाचेवर येतो, आणि चिखलातली हवा पुटपुट करत वर येते. एक थर वीतभर. थर झाला की पाणकरीण त्याला अंगठ्यानं खळगी करायची, त्यात तांब्यातलं थोडं पाणी ओतायची आणि बाजूला बसून तंबाखू मळायची. तंबाखू मळून तोंडात जाईपर्यंत पाणी तसंच राहिलं तर थर पास. जिरलं तर "चाला वं बायांनो, परत." तीन थर तिनं नापास केले. मी आमच्या खात्यात इतका कडक इन्स्पेक्टर पाहिला नाही, आणि इन्स्पेक्टर तर चहा पाजला की विरघळायचे.

चौथ्या दिवशी दुपारी भराव वर आला. मी लेव्हल लावली. उंचीची खूण म्हणून ठोकलेल्या माझ्या खुंटीपेक्षा माती हातभर उंच! मी सांगितलं, जास्त झाली. ती म्हणाली, "चढ हाय तो. राहू दे." एवढं बोलून ती पाळीकडं गेली. तिला वाटलं, झालं सांगून. त्यांच्यात नव्या मातीला चढ ठेवतात हे शेंबडं पोरही जाणतं. समजावून काय सांगायचं? आणि मला वाटलं, खेडूत बाई, हिला लेव्हल काय कळते.

मी गँगकडून तो हातभर थर सोलून काढला. माती तलावात ढकलली. खुंटीला बरोबर, सुतात, भराव केला, त्यावर स्लीपर टाकले, रूळ जोडले, आणि मिशीला पीळ देत झोपलो.

पाचव्या दिवशी सकाळी रूळ मधोमध खचले होते. वीतभर झोळ. माती ओली होती, रुळांचा भार आला, बसली. इंजिन त्यावर गेलं असतं तर सरळ तलावात.

पाणकरीण आली. झोळाकडं पाहिलं, मग सगळ्यांकडं पाहिलं. "चढ कोनं सोलला?"

गँगवाले माझ्याकडं बघत नव्हते, इतकी त्यांची भलमनसाई. एक क्षण वाटलं, सांगावं की तुमची माती कच्ची. तोंडावर आलंही होतं.

"मी," म्हटलं.

"कायले?"

"खुंटीच्या वर होता म्हणून."

"अगाई!" ती म्हणाली. "खुंटी काल ठोकली तुनं. माती बसाले वरीस लागते. ते बसन तवा खुंटीले येईन, हे तुले कोनी शिकोलं नाई?"

नव्हतं शिकवलं. आमच्याकडं मुरूम, खडी, रोलर. ओल्या मातीचा भराव आम्ही कधी केलाच नव्हता. मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मी जास्तच चिडतो. मी ओरडून म्हटलं, "मग आणा माती! अजून एक दिवस आहे! बसलात काय?"

पाणकरणीनं विळा कमरेला खोचला. टोपली उचलून पाळीकडं गेली आणि पलीकडं उतरायला लागली. मी रागारागानं तिच्यामागं गेलो आणि खाली जाऊन पाहतो तर माझी मान खाली गेली.

धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं खाचर. अर्ध्या भागात कंबरभर खड्डा खणलेला, कडेला कापून टाकलेलं हिरवं धान, पोटरीतलं, सुकत पडलेलं. उरलेल्या अर्ध्यात धान उभं. चांगली कन्हार तेवढीच एक होती; बाकी सगळीकडं रेती नाही तर पाणी. मी तीन दिवस टोपल्या मोजत होतो आणि त्या कुठून येतात हे एकदाही विचारलं नव्हतं.

"कुणाची बांधी?" मी विचारलं, पण उत्तर कळलं होतं.

"मायी. दुसरी नाई." तिनं पदरानं विळा पुसला. "उभा काऊन? काप."

दुसरीकडची माती आणू म्हणालो, मुरूम आणू. ती म्हणाली, खाली कन्हार अन् वर मुरूम घातला तर दोन माती एक होत नाहीत, पहिल्याच पाण्यात वरची सरकते. मला तिच्याशी वाद घालायचं तोंड राहिलं नव्हतं. मी कापलं. हातात ती गर्भार ताटं येत होती, मऊ, दाबली की आतलं कोवळं कणीस बोटांना लागायचं. त्या वेळी मला रडू आलं. मी घाम पुसल्याचं नाटक केलं. तिला कळलं असणार.

त्या दिवशी रूळ उचलले, भराव पुन्हा चढवला. तुडवायच्या ओळीत एक बाई कमी होती, तर पाणकरणीनं मला उभं केलं. "ये गा, खुंटीवाल्या." मागं चालताना मी दोनदा आपटलो. बायांचा दंगा विचारू नका. तिसऱ्यांदा पडल्यावर मीही हसलो. संध्याकाळी रूळ परत जोडले तेव्हा माझ्या खुंटीच्या वर हातभर चढ होता, आणि तो मी दोन्ही अंगांना उतरता करून घेतला.

सहाव्या दिवशी सकाळी साहेब आले, मागं इंजिन आणि खडीची एक वाघीण. साहेबांनी लेव्हल लावली आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "मिस्त्री, ये क्या ऊँट की पीठ बनाया है? किसने पास किया?"

"मैंने, साहब. मिट्टी बैठेगी तो बराबर होगा."

"और नहीं बैठी तो? गिर गया तो?"

"तो मेरी नौकरी ले लीजिए," मी म्हटलं. हे मी शूर म्हणून म्हटलं नाही. तिची बांधी पाहिल्यावर दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

ड्रायव्हर कुरकुरला, पण निघाला. माणूस चालतो तेवढ्या चालीनं. पाणकरीण तोवर भरावाच्या पायथ्याशी पाण्यात उतरली होती, मांडीभर, आणि तिनं दोन्ही तळवे मातीला लावले होते. माती आत हलली तर हाताला आधी कळते म्हणे. मी वरून ओरडलो, "मावशी, बाहेर या, अंगावर येईल!" तिनं ढुंकून पाहिलं नाही. मग मीही उतरलो आणि तिच्या शेजारी हात लावून उभा राहिलो. डोक्यावरून इंजिन गेलं. मातीत एक घुमल्यासारखं झालं, तळव्यांना जाणवलं, आणि थांबलं. वाघीण गेली. इंजिन मागं आलं, परत गेलं. चढ दोन बोटं खाली बसला होता, सगळीकडं सारखा.

साहेबांनी वही मिटली. "बाँध मत काटो," म्हणाले, आणि ट्रॉलीवर बसून गेले. गावानं जो गलका केला तो पार जंगलात ऐकू गेला असेल.

पाणकरीण त्या गलक्यात थांबली नाही. तिला पाणी सोडायचं होतं. मी तिच्याबरोबर गेलो. तिनं तलावाचं तोंड उघडलं, पाटात पाणी आलं, आणि आपापल्या बांधीवर माणसं उभी होती तिकडं तिकडं ते पाणी वळत गेलं. धानाच्या बुडात शिरताना त्याचा बारीक आवाज येतो. दाणा भरणार होता, सगळ्यांचा. पाट तिच्या बांधीपाशी आला. तिथं धानाची काडी नव्हती, नुसता खड्डा. तिनं सवयीनं पायानं मातीची आड काढली आणि पाणी त्या खड्ड्यात पडायला लागलं. ती बघत राहिली.

"मावशी," मी म्हटलं, "हे माझ्यामुळं झालं."

"अर्धं तुयामुळं," ती म्हणाली. "अर्धं त मी आपल्या मनानं देल्लं होतं. ते नोको घेऊ आपल्या नावावर."