लाल रेक्झिनमधले खलनायक

मी आयुष्यभर चुका शोधायची नोकरी केली. सातपूरच्या एका कारखान्यात मी क्वालिटी तपासणीला होतो. दुसऱ्यांनी बनवलेला भाग हातात घ्यायचा, फिरवून बघायचा आणि कुठे बिघडलाय ते सांगायचं. निवृत्त होईपर्यंत हेच केलं, त्यामुळे ही खोड कारखान्याच्या गेटवर ठेवून घरी येणं काही जमलं नाही. आमटीतलं मीठ, दाराची कडी, बायकोनं घातलेली टॉवेलाची घडी, सगळं माझ्या नजरेखालून जायचं. ती घरी फॉल-पिकोचं आणि शिवणाचं काम करते. हात अतिशय नीटनेटका, पण मला तिच्याही कामात काहीतरी उणं दिसायचं. एकदा ती म्हणाली, "अहो, मी काही तुमच्या लाइनवरून उतरलेला माल नाही." मी हसलो आणि टॉवेलाची घडी उलगडून परत घातली.

जिच्यात मी कधी खोट काढली नाही अशी घरात एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझी जुनी कॉमिक्स. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक भरून होती. लहानपणी देवळाली कॅम्पच्या बाजारातल्या एका रद्दीच्या दुकानातून ती जमवायला लागलो. फौजी कुटुंबांची बदली झाली की पोरांची कॉमिक्स सामानात मावायची नाहीत, मग ती गठ्ठ्यानं रद्दीत यायची. कुठल्या कुठल्या गावांत वाचली गेलेली, कोपऱ्यात पेनानं नावं घातलेली. त्या अनोळखी पोरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यांनी ती फाडली नाहीत, म्हणून माझी लहानपणची दुपार कधी रिकामी गेली नाही.

प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत असायचा. पिनांना गंज चढला नाही ना, हे वर्षातून दोनदा बघायचं. हात धुऊन, पुसूनच पानाला लावायचा. बायको या सगळ्याला "तुमची रद्दी" म्हणायची. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं एक अंक वाचायला मागितला होता. तुझ्या बोटांना मशीनचं तेल असतं, असं मी तिला सांगितलं. तिनं पुन्हा कधी मागितला नाही आणि मलाही ते सोयीचंच वाटलं.

मला आवडायचे ते खलनायक. नायकाचं काय, दर अंकात तो तसाच, शेवटच्या पानावर दात दाखवत उभा. खलनायकाला मात्र डोकं चालवावं लागतं. नवा बेत, नवं यंत्र, डोंगराच्या पोटात नवा अड्डा, आणि दर वेळी सपाटून मार खाऊनही पुढच्या अंकात स्वारी तितक्याच उत्साहानं हजर. एवढी चिकाटी मी आमच्या कारखान्यातही फारशी पाहिली नाही.

या वेडात मला दोन सोबती मिळाले. एक शाळेपासूनचा मित्र. त्याचं आमच्याच शहरातल्या द्वारका चौकात ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुसरा देवळाली कॅम्पचा, पस्तिशीचा, वडील फौजेत होते. तो स्वतः कॉम्प्युटरवरची नोकरी करतो आणि उरलेला सगळा वेळ व्हिडिओ गेम खेळतो. रविवारी सकाळी दुकान बंद असतं, तेव्हा शटर अर्धं वर करून आम्ही तिघं आत ग्रीसच्या वासात बसायचो. गेमच्या शेवटी एक मोठा खलनायक असतो आणि त्याला 'बॉस' म्हणतात, हे मला या देवळालीवाल्यानं सांगितलं. दुकानवाला म्हणाला की यात नवीन काय, आपण जन्मभर त्याच्याशीच खेळत आलो. त्याच दिवशी आमचा खेळ सुरू झाला. जो गेम कधी कोणी बनवणार नाही, त्याचा खलनायक दर रविवारी एकेकानं रचून आणायचा. अट एकच, त्याचं मर्म सांगता आलं पाहिजे. ज्याला कशानंच हरवता येत नाही तो खलनायक धरायचा नाही, हे मी ठासून सांगितलं होतं.

दुकानवाल्यानं द्वारकेच्या चौकावर राज्य करणारा सिग्नलासुर आणला. तो चारी बाजूंना एकदम लाल दिवा लावतो आणि अडकलेल्या गाड्यांच्या हॉर्नवर पोट भरतो. त्याचं मर्म म्हणजे सिग्नलकडे ढुंकूनही न बघता, नुसता हात दाखवून रस्ता ओलांडणारी म्हातारी. देवळालीवाल्यानं इगतपुरीच्या धुक्याचा सरदार आणला. तो गाडीतल्या माणसांना आपण कुठे उतरायचंय हेच विसरायला लावतो, पण फलाटावरून गरम भज्यांचा वास आला की त्याची सत्ता संपते. आम्ही पोट धरून हसायचो. दर रविवारी घरी गेल्यावर बायको विचारायची, एवढं काय बोलता हो तिथे? काही नाही, असं सांगून मी पेपर उघडायचो.

गेल्या वर्षी दिवाळी आटोपली आणि एका सकाळी दाढी करताना माझ्या हातातून रेझर गळून पडला. बायकोला हाक मारायला तोंड उघडलं, तर आत शब्दच नव्हता. मेंदूत गुठळी झाली होती. उजवा हात लुळा पडला, पाय थोडक्यात वाचला आणि वाचा गेली. अगदी सगळी गेली असंही नाही, एक शब्द शिल्लक राहिला. तो म्हणजे "बरं". पाणी हवंय का? बरं. दुखतंय का? बरं. भेटायला आलेल्या दुकानवाल्यानं, ओळखलंस का मला, असं विचारलं तेव्हाही मी बरं म्हणालो, आणि तो बाहेर जाऊन रडला. ज्यानं जन्मभर सगळ्याला वाईट म्हटलं, त्याच्या तोंडी नेमका हाच शब्द उरावा याचं मला हसू यायचं, पण हसतानाही तोंड वाकडं व्हायचं.

वाचेचे उपचार करणाऱ्या बाई मला चित्रांचे पत्ते दाखवायच्या. छत्री, कुलूप, केळं. वस्तू काय आहे, कशाला वापरतात, सगळं मला ठाऊक असायचं. त्या छत्रीची एक काडी चित्रकारानं चुकीची काढली आहे हेसुद्धा मला दिसत होतं. तोंडातून मात्र बरं. बाईंनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की शब्द परत येतील किंवा येणारही नाहीत, पण हे पहिले काही महिने हातचे घालवू नका, यांना बोलतं करा. मला ते ऐकू आलं. त्यानंतर बायकोनं माझ्यापुढे शुभंकरोति म्हटलं, पाढे म्हटले, आमच्या लग्नातल्या पंगतीत काय काय होतं ते विचारलं. दोन महिने झाले तरी गाडी त्या एका "बरं"च्या पुढे सरकेना. आता उरलेला जन्म असाच जाणार, हे मी मनोमन जवळजवळ मान्य करून टाकलं होतं.

त्या दिवसांत एकदा डाव्या हातानं मी एक कॉमिक काढलं. एका हातानं ते धरता येईना. पानं घसरायची, मिटायची, शेवटी अंक छातीवर पडला आणि सावरताना एक पान फाटलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

पंधरा दिवसांनी मी दवाखान्यातल्या व्यायामाहून परत आलो, तर पलंगावर लाल रेक्झिनचे अकरा जाडजूड खंड ओळीनं मांडलेले. वर सोनेरी अक्षरांत 'कॉमिक्स', खाली भाग क्रमांक. मेन रोडच्या मागे एक बाइंडर आहे, त्याच्याकडे रोज खेटे घालून तिनं ते करून घेतले होते. तिनं पहिला भाग माझ्या उशीवर ठेवला आणि मधोमध उघडला. तो न धरता उघडा राहिला. "आता एका हातानं वाचता येईल," ती म्हणाली. "आणि कडा बघा, कशा सुतात कापून दिल्यात."

कॉमिक्स जमवणाऱ्याला याहून मोठा घाव नाही. बाइंडर आधी पिना उपसतो, मग शिवण घालतो आणि वर मशीनखाली तिन्ही कडा कापतो. अशा अंकाला आमच्यात कोणी हातही लावत नाही. माझ्या डोळ्यांसमोर उघडलेल्या पानावर त्या पोरांनी कोपऱ्यात घातलेली नावं कापली गेली होती. एका खलनायकाची धमकी अर्ध्यावर तुटली होती. माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"वाटोळं केलंस," मी म्हणालो. "सगळ्याचं वाटोळं केलंस. अक्कल आहे का तुला?"

तिचा चेहरा क्षणभर पडला. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिनं माझा लुळा हात घट्ट धरला. डोळ्यांतून धार लागली होती.

"बोला," ती म्हणाली. "काय वाटेल ते बोला मला, पण थांबू नका."

दुसऱ्या दिवसापासून तिनं माझ्या खोडीचंच औषध केलं. रोज दुपारी शिवण बाजूला ठेवायची आणि माझ्या डोळ्यांदेखत काहीतरी आगळीक करायची. तिसऱ्या भागावर ओला पेला ठेवला, पान उलटताना बोटाला थुंकी लावली. खलनायकाची गर्जना ती बाळाला अंगाई म्हणावी तशा आवाजात वाचायची. "असं नाही," मी खेकसायचो, "जोरात!" ती तितक्याच हळू पुढे वाचायची. मग मला दोन शब्द जास्त लागायचे. तोवर दुकानवाल्याकडून तिनं आमचा रविवारचा खेळ समजून घेतला होता. ती स्वतः खलनायक रचायला लागली. तिची एक राणी होती, जी सगळ्या गावाला कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे विसरायला लावते. मी वैतागून विचारलं, "मर्म? मर्म कुठंय?" मर्म नाहीच म्हणाली. असं चालत नाही, हे सांगायला मला अर्धा तास लागला. त्यात निदान वीसेक शब्द खर्ची पडले. शेवटी तिनं सांगितलं की मर्म शेजारीण, कारण आपल्या घरच्या शिट्ट्या तिला बरोबर मोजून माहीत असतात. आजारी पडल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्यानं हसलो.

अकराही भाग तिनं माझ्याबरोबर वाचून काढले. कोणता खलनायक पोकळ आणि कोणता खरा डोकेबाज, याबद्दल तिची मतं होती आणि ती माझ्या मतांपेक्षा चांगली होती. इतकी वर्षं हिला ट्रंकेपाशी फिरकू दिलं नाही, याची मला लाज वाटायची. ते तिला सांगायचं होतं. पण चिडलो की शब्द धडाधड येत, आणि शांतपणे काही म्हणायला गेलो की तोंडात पुन्हा तेच बरं. बाई म्हणाल्या की असं होतं, रागाचे शब्द आपसूक सुटतात, बाकीचे ओढून आणावे लागतात. मी रोज ओढायचो. ते काही येत नव्हते.

उन्हाळा लागला तेव्हा एका रविवारी दोघं सोबती आमच्या घरीच खेळ मांडायला आले. बायकोनं पोहे केले आणि मोठ्या हौसेनं खंड आणून त्यांच्यापुढे ठेवले. देवळालीवाल्यानं वरचा खंड उघडला, कापलेल्या कडेवर बोट टेकवलं आणि मान खाली घातली. दुकानवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा. वहिनी, हे तुम्ही केलंत? मूळ अंक होते हो हे. आता याला कोणी..." तो थांबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बायकोच्या हातात चहाचा ट्रे होता. आजवर माझ्या त्या दिवसाच्या रागाला ती दुखण्याचा राग समजत होती. ट्रे तसाच धरून ती खंडांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं.

मला राग आला नव्हता. कोणाचाच नाही. त्यामुळे शब्द येतील याची काहीच खात्री नव्हती. मी तोंड उघडलं आणि वाट बघितली.

"मी सांगितलं," मी म्हणालो. "तिला... मी सांगितलं होतं."

"तू?" दुकानवाला म्हणाला. "तू तर तेव्हा..." हिवाळाभर माझ्या तोंडात किती शब्द होते, हे त्या खोलीतल्या चौघांनाही पक्कं माहीत होतं.

"मीच," मी म्हणालो. "एका हातानं धरता येत नव्हतं. तिनं... माझ्यासाठी केलं."

दुकानवाल्यानं तो खंड मांडीवर घेतला. पाठीवरून अंगठा फिरवला, मधलं पान ताणून बघितलं. मग बायकोकडे न बघता म्हणाला, "शिवण मात्र एकदम पक्की आहे, वहिनी."

तिनं ट्रे खाली ठेवला, आणखी पोहे आणते म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. पोहे आमच्या पुढ्यातच होते. आम्ही तिला खूप वेळ हाक मारली नाही.