बाबलीकाकाचा उजवा डोळा

देवळातला पंखा गुरुप्रसादने लावला. हेतू निर्मळ होता. पाऊस दोन दिवस दडी मारून बसलेला, जुलैचा उकाडा, आणि गाभाऱ्यात गुरवाच्या पाठीवरून घामाचे ओहोळ चाललेले. देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवून कौल लावला होता. कुठली पाकळी आधी सुटते तिकडे सगळ्यांचं लक्ष. पंखा फिरला आणि उजवी पाकळी पडली नाही, उडालीच.

गाऱ्हाणं गुरुप्रसादच्या काकाचं, बाबलीचं होतं. डोळा दाखवायला कोल्हापूरला ठरल्या तारखेला जायचं, की कलमं उरकून, चतुर्थी झाल्यावर गेलं तरी चालेल? उजवी म्हणजे चालेल. पंखा खांबाआड, गुरवाला दिसलाच नाही; त्याने समाधानाने हात जोडले. काका खूश. गुरुप्रसादने एकदा पंख्याकडे पाहिलं, काकाला न्यायचं आपल्यालाच नि शाळेतल्या रजा उरल्यात दोनच, हे आठवलं, आणि तोही हात जोडून मोकळा झाला.

तळेऱ्याच्या आतल्या गावांत बाबलीकाकासारखा कलमं बांधणारा नव्हता. रोपावर हापूसची काडी अशी बसवायचा, की आपलं डोकं बदललंय हे झाडालाही कळू नये. साखर पंधरा वर्षांची. तिने डावा डोळा आधीच नेला होता, आणि आता उजव्याच्या पडद्याला सूज. दर महिन्याला गगनबावड्याचा घाट चढायचा, डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं, नि सूज पुन्हा हजर. शेवटी जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी तांदळाच्या दाण्याहून बारीक असा स्टेरॉइडचा तुकडा डोळ्यात सोडला. तो आत राहून तीन-चार महिने हळूहळू विरघळणार होता.

आठवड्याभरात काका चहा पिता पिता थांबला. "सीता, तुझ्या नाकार तीळ आसा काय गो?"

"लग्नापासून आसा," सीताकाकू म्हणाली. "तुमी बघलास खंय?"

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "या औषधाने काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही, कळत नाही. सहा आठवड्यांनी यायचंच." त्या वेळी समोर बसून मान हलवणारा गुरुप्रसादच होता. पण सुईत दोरा ओवायला लागलेल्या माणसाला डोळ्याच्या डॉक्टरकडे कोण नेतो? त्या पावसात काकाने अठराशे कलमं बांधली. चतुर्थी आली. गौरीच्या दिवशी ताट घेऊन येताना काका दाराच्या चौकटीवर आपटला, आणि खीर सगळ्या ओटीभर झाली. चौकट कुणी हलवली, म्हणून तो काकूवरच उखडला.

कोल्हापूरला दाब निघाला अठ्ठेचाळीस; असायला हवा विसाच्या आत. सूज पार गेली होती. डोळ्यामागची नस मात्र सुकली होती. थेंब झाले, शस्त्रक्रिया झाली, दाब उतरला. गेलेली नजर परत येणार नव्हती. "थेंब वेळेवर सुरू झाले असते तर बहुतेक वाचली असती," बाई हळूच म्हणाल्या.

परतताना घाटात गुरुप्रसादने गाडी बाजूला घेतली.

"काका, ती पाकळी देवान पाडूक नाय. पंखो मी लावललंय. आणि माका तेव्हाच कळलेला."

काकाने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग म्हणाला, "काच वर कर. थंडी लागता."

त्या विषयावर तो पुढे एक शब्द बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर गुरुप्रसादला निदान झोप लागली असती.

आता काकाला वेळूच्या नळीतून पाहावं तसं मधलं तेवढंच दिसतं. घरी आल्यावर त्याने ओटीवर एक कलम करून पाहिलं. कलमाचं तोंड दिसलं. सुरीचं पातं कुठे संपतं आणि आपला अंगठा कुठे सुरू होतो, ते दिसलं नाही. काकूने रक्त पुसलं, सुरी तांदळाच्या डब्यात ठेवून दिली. काकाने ती अजून मागितलेली नाही. लोक सवयीने रोपं घेऊन येतात. काका त्यांना चहा पाजून परत पाठवतो.

थेंब घालायला गुरुप्रसाद रोज संध्याकाळी येतो. परवा असाच तो बाटली घेऊन काकाच्या तोंडावर वाकला, आणि बाटली दाबण्याआधीच काकाच्या गालावर एक थेंब पडला.

"काका," त्याने कसंबसं विचारलं, "मी दिसतंय मा तुका?"

"नाक दिसता, पण रडाचा तर भायर जावन रड, औषध खंयचा तां कळना नाय."